पाणी एकदाच, भाकर पुन्हा पुन्हा

पत्र, थोडक्यात

नाशिकची एकतीस वर्षांची वाचक. सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब पाहते. घर शरणपूरकडच्या जुन्या चर्चच्या मंडळीतलं, पाच पिढ्यांचं ख्रिस्ती. तिसऱ्या महिन्यात बाप्तिस्मा झाला, चौदाव्या वर्षी बिशपांच्या हातून दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याची वचनं स्वतः पुन्हा देण्याचा विधी. वडील चार वर्षांपूर्वी वारले. आता घरात ती आणि आई, दोघीच.

गेली दोन वर्षं ती मैत्रिणीबरोबर गंगापूर रोडच्या पुढे एका हॉलमध्ये भरणाऱ्या फेलोशिपला जाते. तिथे गिटार, ड्रम, तासभर गाणी. वडील गेल्यानंतर आपण पहिल्यांदा मोकळेपणी रडलो ते तिथेच, असं ती लिहिते. तिथल्या पास्टरांचं म्हणणं असं, की तान्हेपणी कपाळाला लावलेलं पाणी हा बाप्तिस्माच नव्हे. विश्वास ठेवून पूर्ण पाण्यात उतरावं लागतं. शिवाय पुस्तकातून वाचलेली प्रार्थना मेलेली असते, ते इंग्रजांचं पुस्तक आहे, आणि प्रभुभोजनाच्या विधीत भाकरीपुढे गुडघे टेकणं ही मूर्तिपूजा आहे. ईस्टरच्या आदल्या शनिवारी एका फार्महाउसच्या टाकीत बारा जणांचा बाप्तिस्मा ठरलाय. हिने नाव दिलंय.

आईला ते व्हॉट्सॲपवरून कळलं. तिने जुनं प्रार्थनापुस्तक टेबलावर आदळलं आणि विचारलं, "मग त्या दिवशी आम्ही काय नाटक केलं होतं का?" पुस्तकातून बाप्तिस्म्याचं कार्ड खाली पडलं. मामा म्हणाले, "आता बाबांच्या शेजारी जागा मिळायची नाही तुला." हिने घाबरून "नाव काढलं" असं सांगितलं, पण काढलेलं नाही. त्या शनिवारी मैत्रिणीकडे जाते सांगून उरकून घ्यावं, असा विचार आहे. प्रश्न एवढाच: हे चूक आहे का?

उत्तर

अगं,

आधी कबुली देते, या बाबतीत मी तटस्थ नाही. माझं माहेर अशाच मंडळीतलं. वडील रविवारी चर्चमध्ये पायपेटी वाजवायचे आणि मला त्यांच्या शेजारच्या बाकावर बसवलेलं असायचं. भाता दाबताना त्यांच्या उजव्या बुटातून कर्रकर्र आवाज यायचा. उपासना इतकी कंटाळवाणी वाटायची की मी ते कर्रकर्र मोजत बसायचे. त्यामुळे "मन लागत नाही" हे तू लिहिलंस त्याचं मला नवल वाटलं नाही, आणि त्यात काही पाप आहे असंही वाटत नाही. सदराचे बरेच वाचक ख्रिस्ती नाहीत, तेव्हा तुला ठाऊक असलेलं काही मी पुन्हा सांगितलं तर सांभाळून घे.

तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक, जुनी उपासना मला रुचत नाही. दोन, माझा बाप्तिस्मा खोटा होता. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: जिथे गाता येतं, रडता येतं, तिथे जा. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. पण पहिल्यावरून दुसरं आपोआप निघत नाही, आणि तुझ्या पास्टरांनी ते एकाच दोऱ्यात ओवलंय. सासरच्या स्वयंपाकाला चव नाही, म्हणून लग्नच झालं नव्हतं असं कुणी म्हणत नाही.

आधी पुस्तकाचं बघू. पुस्तकातली प्रार्थना मेलेली, असं तू लिहितेस. आणि त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहितेस की बाबांच्या कबरीपाशी पाळकसाहेबांनी म्हटलेली ओळ, "मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ", अजूनही सातपूरच्या सिग्नलला गाडी थांबली की कानात येते. बाई गं, ती ओळ पुस्तकातलीच आहे. तुझ्या बाबांसाठी कुणी बसून रचलेली नाही. इंग्लंडच्या चर्चचे आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांनी १५४९ मध्ये लॅटिन बाजूला ठेवून लोकांच्या भाषेत पहिलं प्रार्थनापुस्तक काढलं, त्यात ती होती. १६६२ च्या ज्या आवृत्तीवर जगभरचे पारंपरिक अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले लोक, अजून चालतात, तिच्यातही आहे. त्या दिवशी कबरीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांपैकी कुणापाशीही स्वतःचे शब्द नव्हते. तुझ्यापाशी नव्हते, आईपाशी नव्हते. बहुधा पाळकांपाशीही नसतील. म्हणून वापरायला ठेवलेले शब्द काढले. चार वर्षांनंतर त्या दिवसातलं तुला दुसरं काय आठवतं, ते बघ.

याच शब्दांची एक गोष्ट शरणपूरच्या लेकीला ठाऊक असायला हवी. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर वसवलं, तेव्हा गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे आणून शिकवली जात. त्यांतला एक जेकब वेनराइट. पुढे तो आफ्रिकेत परतला आणि स्कॉटिश मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शोधमोहिमेतल्या माणसांत सामील झाला. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. मैलोन्मैल कुणी पाद्री नाही, चर्च नाही. दफनाची उपासना वाचली ती जेकबने. मग ही माणसं त्याचा देह घेऊन कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत गेली, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांमध्ये जेकबही होता. आपल्या नाशकात शिकलेल्या, कधीकाळी विकल्या गेलेल्या मुलाला त्या रानात कुणी स्फूर्ती येण्याची वाट बघत बसायला सांगितलं नाही. त्याच्याजवळ शब्द होते, ते त्याने वाचले. त्यांना मेलेले म्हणायला माझी जीभ वळत नाही.

"इंग्रजांचं पुस्तक" हा टोमणाही जरा तपासून बघ. पारंपरिक अँग्लिकन मंडळी श्रद्धेची जी एकोणचाळीस कलमं मानतात, त्यांतलं चोविसावं कलम सरळ सांगतं की लोकांना न कळणाऱ्या भाषेत उपासना करणं हे देवाच्या वचनाविरुद्ध आहे. चौतिसावं त्याच्यापुढे जातं: रीतिरिवाज सगळीकडे एकसारखेच असावेत याची गरज नाही, देश, काळ आणि माणसांची राहणी यांप्रमाणे ते बदलता येतात, फक्त देवाच्या वचनाविरुद्ध काही नको. म्हणजे मराठीत प्रार्थना करणं आणि मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणणं ही कुणी मागून केलेली मेहेरबानी नाही. तशी वाट त्या पुस्तकाच्या मंडळींनीच ठेवली होती. हॉलमधली गाणी तुला आवडतात, आवडू देत. पण त्यांतली किती मूळची मराठी आहेत आणि किती परदेशी चालीवर बसवलेली आहेत, हे एकदा गिटारवाल्या पोराला विचार. मी चिडवत नाहीये. दुसरीकडून आलेली गोष्ट आपली होऊ शकते, एवढंच म्हणतेय. दोन्हीकडची.

गुडघे टेकण्याचं सांगते. तुझी आई प्रभुभोजनाला उठते तेव्हा काय करते ते तू शेकडो वेळा पाहिलंयस: पदर डोक्यावरून घेते, कठड्यापाशी गुडघे टेकते, डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवून ओंजळ पुढे करते. ती भाकरीला नमस्कार करतेय अशी शंका लोकांना येईल, हे १५५२ सालीच ओळखलं होतं. तेव्हाच पुस्तकात टीप घातली गेली की गुडघे टेकायचे ते कृतज्ञतेने आणि नम्रतेने, भाकरीची किंवा द्राक्षारसाची पूजा म्हणून नव्हे. मध्ये ती टीप काढली, १६६२ मध्ये थोडी बदलून परत घातली. तुझ्या पास्टरांचा आक्षेप पावणेपाचशे वर्षं जुना आहे आणि त्याचं उत्तर आईच्याच पुस्तकात छापलंय. भाकर भाकरच राहते, असं तुझी मंडळी मानते. पण ती नुसती आठवण म्हणून खाल्लेला तुकडाही नव्हे. विश्वासाने घेणाऱ्याला तिच्यातून ख्रिस्त खरोखर मिळतो, आत्मिक रीतीने. हे पटायलाच हवं असं नाही. मात्र सोडायचं असेल तर ते खरं जे आहे ते सोड, पास्टरांनी त्याचं काढलेलं चित्र नको.

आता पाणी.

पास्टरांचा मुद्दा फालतू नाही, हे आईलाही कळू दे. नव्या करारात माणसं आधी विश्वास ठेवतात आणि मग बाप्तिस्मा घेतात, असे प्रसंग पुष्कळ आहेत. जगात कोट्यवधी प्रामाणिक ख्रिस्ती लोक याच मताचे आहेत. इफिस शहरात काही जणांना प्रेषित पौलाने पुन्हा बाप्तिस्मा दिल्याचा दाखला ते तुला दाखवतील; तो खरा आहे, फक्त त्या लोकांचा आधीचा बाप्तिस्मा येशूच्या आधी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा होता, येशूच्या नावाचा नव्हे. उलट बाजूने तुझी मंडळी सांगेल की प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात तुरुंगाच्या नायकाचा "घरच्या सर्वांसह" बाप्तिस्मा झाला. त्यात तान्ही मुलं होती का, हे कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हा वाद तुझ्या-माझ्या हयातीत मिटायचा नाही.

पण आई मुद्द्यावर भांडलीच नाही. तिने विचारलं, आम्ही नाटक केलं का. तुझ्या पास्टरांच्या मते बाप्तिस्मा म्हणजे माणसाने देवाला दिलेली ग्वाही. ग्वाही द्यायची तर देणाऱ्याला कळायला हवं, म्हणून बाळ चालत नाही. आईच्या मते बाप्तिस्म्यात आधी बोलतो तो देव. बाळाला तो आपलं म्हणतो. बाळ पुढे कळतं झालं की उत्तर देतं. तुला पहिल्यांदा छातीशी धरलं तेव्हा आईने तुझी परवानगी घेतली नव्हती. बारशाला नाव ठेवतानाही कुणी विचारलं नाही, आणि आज त्याच नावाने तू मला पत्र पाठवलंस.

"मला विचारलं नाही" ही तक्रार त्या परंपरेने ऐकलेली आहे. म्हणूनच दृढीकरण असतं. चौदाव्या वर्षी बिशपांनी तुम्हा मुलांना उभं करून विचारलं: तुमच्या नावाने जे वचन दिलं गेलं ते तुम्ही आज स्वतः पुन्हा देता का? तू "होय" म्हणालीस. सगळी पोरं म्हणाली म्हणून म्हणाले, नवीन पांढऱ्या फ्रॉकच्या नादात होते, असं तू म्हणशील. असेल. पण मग एकतिसाव्या वर्षी सगळ्या ग्रुपबरोबर, कुणीतरी ठरवलेल्या तारखेला, गाण्याच्या भरात पाण्यात उतरताना तरी तू एकटीने विचार केलेला असेल, याची खात्री काय?

आता एक गंमत. ते १६६२ चं पुस्तक उघडून बाप्तिस्म्याच्या उपासनेतली बारीक अक्षरातली सूचना वाच. बाळाला झेपेल असं त्याच्या वतीने वचन देणाऱ्या धर्मपिता-धर्ममातांनी सांगितलं तर पाळकाने त्याला जपून, काळजीपूर्वक पाण्यात बुडवावं. बाळ अशक्त असेल तर पाणी ओतलं तरी पुरे, असं तिथे आहे. बुडवणं आधी, ओतणं सवलतीचं! मोठ्या माणसांच्या बाप्तिस्म्याची वेगळी उपासनाही त्याच वर्षी पुस्तकात आली, आणि प्रस्तावनेत एक कारण दिलंय: दूरच्या मुलखांत नव्याने ख्रिस्ती होणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. तुझे पणजोबा-खापरपणजोबा मोठेपणी, कळत्या वयात, नातीगोती तुटण्याची किंमत मोजून पाण्याला सामोरे गेले, त्याची तरतूद तिथे होती. त्यामुळे "जुनी मंडळी पाण्यात उतरू देत नाही" हे काही खरं नाही. शिवाय तुमची मंडळी आता निव्वळ अँग्लिकन राहिलेलीच नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यांत बॅप्टिस्ट होते, ब्रदरन होते. मोठेपणीच आणि बुडवूनच बाप्तिस्मा देणारी माणसं ती. दोन्ही रीती मान्य करूनच ते एकत्र आले. आईचा त्यांच्यापैकी कुणाशी वाद नाही.

अडतं ते "पुन्हा" या शब्दापाशी. लहानपणापासून तू नायसीन विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, "पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा" म्हणत आलीस. हे किती काटेकोर आहे ते सांगते: एखाद्याचा बाप्तिस्मा झालाय की नाही याची खरोखरच शंका असेल, तर जुन्या पुस्तकात पाळकाने म्हणायचं वाक्य "तुझा बाप्तिस्मा आधी झालेला नसल्यास" असं सुरू होतं. चुकून दुसऱ्यांदा होऊ नये म्हणून एवढी काळजी.

आपण नाशिककर. पाणी म्हणजे काय हे आपल्याला शिकवायला नको. रामकुंडावर माणसं पर्वणी गाठून येतात आणि पुढच्या पर्वणीला परत येतात. सिंहस्थ दर बारा वर्षांनी. स्नान पुन्हा पुन्हा करायचं असतं, त्यात काहीच गैर नाही. बाप्तिस्मा दिसतो स्नानासारखा, पण तुझ्या मंडळीच्या लेखी तो जन्मासारखा आहे. पुन्हा पुन्हा करायची गोष्ट त्यांनी वेगळी ठेवलीय, ती प्रभुभोजन. आणि तू लिहितेस की बाबा गेल्यापासून तू त्याला उठलेलीच नाहीस. आई कठड्यापाशी जाते, तू बाकावर बसून फोन उलटसुलट करतेस. जुन्या पुस्तकात वर्षातून निदान तीनदा ते घ्यायला सांगितलंय, आणि त्यांतलं एक ईस्टरला. चार वर्षांचा हिशेब तू हिशेबनीस म्हणून स्वतःच कर. मला तर असं दिसतं की तुला भूक लागलीय आणि तू जन्म मागते आहेस.

माझा हा अंदाज चुकीचाही असेल. तुझ्या मनाला खरोखरच दुसऱ्या बाजूचं पटलं असेल तर ते पटू दे. सदसद्विवेकाच्या विरुद्ध जाऊन आईचं मन राख, असा सल्ला मी कुणाला देत नाही. पण तसं असेल तर ते शनिवारच्या थापेत उरकू नकोस. न सांगता घेतलेल्या बाप्तिस्म्याने घराचं काय होतं, हे मराठी माणसाला टिळकांच्या घरावरून ठाऊक आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नाशिकजवळच्या जलालपूरची त्यांची बायको लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिली. पुढे लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, पण स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या वेळेला. प्रभुभोजनाच्या उपासनेच्या सुरुवातीचीच एक प्रार्थना ज्या देवापुढे सर्व हृदयं उघडी आहेत, ज्याच्यापासून कोणतंही गुपित लपत नाही, त्याला उद्देशून आहे. त्याच्यासाठी पाण्यात उतरायचं आणि "मैत्रिणीकडे जाते" सांगून उतरायचं, हे तुला तरी जुळतंय का?

तर आजच, पत्र वाचून झाल्यावर, आईला सांग की नाव काढलं हे मी खोटं बोलले. भांडण होईल. ते भांडण शनिवारनंतरच्या भांडणापेक्षा लहान असेल. मग पास्टरांना फोन करून सांग की या खेपेला नाही. जी गोष्ट जन्मभरासाठी करायची ती तीन-चार महिने थांबू शकते. ते काय म्हणतात ते नीट ऐक. "ये, बस, गा, विचार कर" म्हणाले तर माणूस चांगला आहे, तिकडे जात राहा. "थांबलीस तर तुझ्या तारणाची हमी नाही" म्हणाले, किंवा आईशी बोलणं कमी कर म्हणाले, तर पाय मागे घे. हे मी सगळ्यांनाच सांगते. मला येणाऱ्या पत्रांत नवा गुरू केल्यावर घरातले देव उचलायला लावणारेही असतात आणि माळ न घातलेल्या भावाच्या घरी जेवू नकोस सांगणारेही. धर्म वेगळा, दम देण्याची तऱ्हा तीच.

तुमच्या पाळकसाहेबांकडे अर्धा तास माग. रविवारी दारात हात मिळवता मिळवता नको, आठवड्यात वेळ ठरवून. तीन गोष्टी विचार: माझ्या बाप्तिस्म्याची नोंद रजिस्टरात बघायला मिळेल का, ईस्टरला बाप्तिस्म्याच्या वचनांचं नवीकरण करता का, आणि त्यात मला मोठ्याने उत्तर द्यायला मिळेल का, आणि मंडळीत एखादा रविवार गाण्यांचा का नसावा. ईस्टरची आदली रात्र ही बाप्तिस्म्याची म्हणून मंडळीत फार जुन्या काळापासून मानलेली आहे, तुझ्या पास्टरांनी तारीख निवडली ती कदाचित त्यातूनच. त्या रात्री पाण्याजवळ उभं राहून, कळत्या वयात, सगळ्यांसमोर "होय" म्हणायची तुझी इच्छा असेल तर ती आईच्या मंडळीतही पुरी होऊ शकते. पाळक म्हणाले "आपल्याकडे अशी पद्धत नाही", तर चौतिसावं कलम आठवण करून दे. हसून दे.

मामांचं मनावर घेऊ नकोस, पण हवेतही सोडू नकोस. कबरस्तानात कुणाला जागा मिळते याचे नियम असतात आणि ते पास्टरेट कमिटी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी समिती, सांगते, मामा नाही. सेक्रेटरींना लेखी विचार, लेखी उत्तर घे. आणि हे सदर वाचणाऱ्या सगळ्या मामांना, काकांना माझा निरोप: पोरीला धाक घालायचाच असेल तर मेलेल्या बापाची कबर वापरू नका. फार हलकं दिसतं ते.

आईला मात्र थोडी जागा दे. तिच्यासमोर पुस्तकाला मेलेलं म्हणू नकोस. तिच्या घरातल्या दोन माणसांपैकी एकाचा शेवटचा निरोप त्यातून झालाय. तिला एकदा विचार की उपासनेतली कुठली प्रार्थना तिला पाठ आहे आणि का. माझ्या आईला विचारलं होतं मी, फार उशिरा. ती म्हणाली, "जे करायला हवं होतं ते आम्ही केलं नाही" ही ओळ. सासूच्या शेवटच्या आजारपणात ती माहेरी निघून गेली होती, आणि तीस वर्षं दर रविवारी ती त्या ओळीला क्षणभर थांबायची. शेजारी बसून मी बुटाचे आवाज मोजत होते.

शेवटचं एक राहिलं. जुन्या पुस्तकाप्रमाणे मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी एक धर्मपिता आणि दोन धर्ममाता असतात. बाळाच्या वतीने वचन देतात ती हीच माणसं. तुझ्या सगळ्या पत्रात पास्टर आहेत, आई आहे, मामा आहेत, व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ज्यांनी तुझ्या नावाने "होय" म्हटलं त्यांना कुणीच विचारलेलं नाही. दोघे आता हयात नाहीत असं तू लिहिलंयस, पण एक बाई देवळाली कॅम्पला असतात म्हणतेस, आणि नाताळच्या फराळापलीकडे बोलणं नाही. एखाद्या दुपारी जा त्यांच्याकडे. त्या दिवशी काय वचन दिलं होतं, ते त्यांना अजून आठवतं का, विचार. जाताना पुस्तकातून पडलेलं ते कार्ड बरोबर ने. त्याच्या मागे पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय, तुला लागलं नाही आणि आईचं अक्षर नाही, असं तू कळवलं आहेस. त्यांचं असेल कदाचित.